औषध सोडलेली बाई

८ जून

प्रिय बारके,

तू फोन ठेवलास, आपटला नाहीस. आपटला असतास तर मला बरं वाटलं असतं. त्यानंतर मी लावत राहिले, पण आता तो वाजतही नाही, म्हणून पत्र. तू ते अर्ध्यातच फाडशील, म्हणून महत्त्वाचं आधी सांगते: मी तुझं नाव कुठंही घेतलेलं नाही.

तुझ्या नणंदेची मुलगी आमच्या अभ्यासक्रमाला आहे, हे मला खरंच माहीत नव्हतं. वर्ग समोर असता तर पहिल्याच दिवशी ओळखलं असतं. दवाखान्यांतल्या नोंदींवरून आजाराबद्दल काय कळतं, हे मी शिकवते. तू त्याला ‘आजाऱ्यांचे हिशेब’ म्हणायचीस. आजवर हे एका खोलीत चालायचं. मुलं दाटीवाटीनं बसायची, पंखा कुरकुरायचा, कुणाला समजलं नाही तर कपाळावरच्या आठीवरून मला कळायचं. मागच्या वर्षी संस्थेनं ठरवलं की हा सगळा अभ्यासक्रम ऑनलाइन न्यायचा. नोकरी करणाऱ्या, दूर राहणाऱ्या, घरात अडकलेल्या मुलामुलींना घरबसल्या पदवी मिळावी. हेतू चांगलाच होता. मलाही पटला होता.

मग एका खोलीला काळे पडदे लागले आणि मी रिकाम्या भिंतीकडे बघून बोलू लागले. चार महिने बोलत होते. त्या धबडग्यात ती गोष्टही चित्रित झाली. नोंदींमध्ये काही माणसं मध्येच दिसेनाशी होतात. रकान्यात नुसतं ‘उपचार सोडले’ असं येतं. त्यामागे जितंजागतं माणूस असतं हे मुलांना कळावं, म्हणून मी एका बाईची गोष्ट सांगते. लहानपणापासून फिट येणारी मुलगी. लग्न होऊन जाते, नवऱ्यापासूनसुद्धा आजार लपवते, माहेरच्या सवयीनं गोळ्या बटणांच्या डब्यात ठेवते. पुढं भीतीपोटी गोळ्याच सोडते आणि एक दिवस ओट्याशी कोसळते. वर्गात ही गोष्ट मी वर्षानुवर्षं सांगत आले. खोलीतली गोष्ट खोलीतच राहायची. चित्रणात ती ओघात येऊन गेली, माझ्या ध्यानातही आलं नाही.

तुझी भाची आजोळी आली असताना स्वयंपाकघरात फोन उभा करून माझं व्याख्यान ऐकत होती म्हणे, आणि तुझ्या सासूबाई शेजारी मटार सोलत होत्या. बाहुलीच्या झग्याला बटणं शोधताना त्या पोरीनं लहानपणी तुझा डबा उपसला होता, हे मला काय ठाऊक? ‘आजी, ही तर आपली मामी’, एवढंच ती म्हणाली. तिचा काही दोष नाही.

दोष म्हणशील तर सगळ्या घाईगर्दीचा आहे. थोडा माझाही. तो भाग काढून टाकायला मी विभागाला कळवलं आहे. तू एकदा फोन उचल.

तुझी ताई


२१ जून

बारके,

काल तुझ्या नवऱ्याचा फोन आला. त्यांनी तो तुला न सांगता केला होता. आता मी तुला सांगते आहे, म्हणजे इथंही कुणाचा तरी विश्वास मोडतेच आहे. पण यापुढे तुझ्या पाठीमागे काही ठेवायचं नाही, असं ठरवलंय.

ते म्हणाले, तू घरी चालवतेस ते पाळणाघर जवळजवळ रिकामं झालंय. सासूबाईंनी खालच्या मजल्यावरच्या बाईंना विश्वासात घेऊन सांगितलं, म्हणजे सगळ्या इमारतीलाच सांगितलं. मग एकेक आई आली. भांडली कुणीच नाही. कुणाची आई गावाहून राहायला येणार होती, कुणाला अचानक ऑफिसजवळची जागा मिळाली. प्रत्येकीनं पोराचा पाण्याचा कप, बदलायचे कपडे, पांघरूण पिशवीत भरलं आणि तुला ‘काळजी घ्या’ म्हटलं. ती जुळी तेवढी उरलीत, कारण त्यांच्या आईला दुसरा इलाजच नाही.

मी त्यांना विचारलं, घरात कसं चाललंय. म्हणाले, ‘सगळे फार जपतात हो तिला. तेच तिला सोसत नाही.’ सासूबाई तुला गॅसजवळ एकटं उभं राहू देत नाहीत. तुझी लेक शाळेतून आली की आधी तुझ्याकडे निरखून बघते आणि मग दप्तर ठेवते.

मग ते म्हणाले, ‘ताई, एक विचारू? मला लपवलं, असं तुम्ही का सांगितलंत? मला लग्नाआधीपासून माहीत आहे. बघायला आलो तेव्हा पहिलं वाक्य ती तेच बोलली होती. आईला सांगायचं नाही, हे आमच्या दोघांचं ठरलं होतं.’

मला वाटलं होतं, तू त्यांनाही सांगितलं नसशील. का वाटलं होतं, देव जाणे.

सोबत मी एक तक्ता करून पाठवते आहे. इतकी वर्षं झटका न आलेल्या माणसाला तो पुन्हा येण्याचा संभव किती उतरत जातो, हे त्यात सोप्या भाषेत आहे. त्या आयांना दाखव. आकडे बघून त्यांची भीती जाईल.

आणि एक. ‘ओघात येऊन गेली’ असं मी मागच्या पत्रात लिहिलं, ते खरं नाही. चित्रणाच्या शेवटी कॅमेरेवाला पडद्यामागून बाहेर आला. शांत माणूस आहे, कामापुरतं बोलतो. त्यानं विचारलं, ‘मॅडम, ही बाई खरी आहे का? तसं असेल तर इथं कापता येईल.’ मी म्हटलं, राहू दे. आणि दिव्याचा उजेड चेहऱ्यावर फार पडतो का, तेवढं त्याला विचारलं.

ताई


५ जुलै

बारके,

तक्ता परत आला. त्याच्या पाठीवर तुझ्या अक्षरात एकच वाक्य: ‘मला पुन्हा आकडा केलंस.’

मी तो घडी घालून ठेवला, पुन्हा उघडला. एवढं शिकून मला ही अक्कल येऊ नये. तू घाबरून बसली आहेस आणि मी तुला उतरती रेघ पाठवते.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना पेन जड झालंय. पण अर्धवट कबुली ही लपवाछपवीच असते, आणि दोन पत्रं मी तेच करत आले.

पहिली गोष्ट. या अभ्यासक्रमातला एक अख्खा भाग मी कशावर शिकवते, माहीत आहे? ओळख लपवण्यावर. नाव खोडलं म्हणजे माणूस लपत नाही, हे माझंच वाक्य. वय, गाव, एखादी साधीशी सवय, एवढ्या चिंध्या जोडून कुणालाही शोधता येतं, हे मी मुलांकडून करून घेते. जे चुकतात त्यांचे गुण कापते. म्हणजे मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. ज्या रुग्णालयात मी तुला हाताला धरून न्यायचे, त्याच्याच जुन्या नोंदी आम्हाला शिकवण्यासाठी मिळाल्या होत्या. नावं काढायचं काम माझ्याकडे होतं. काढता काढता तुझं नाव समोर आलं. तिथंच थांबायला हवं होतं. मी तुझी नोंद उघडली. दर महिन्याची तुझी भेट, वजन, गोळ्यांचं प्रमाण. लग्न झालं त्यानंतरही काही महिने ठीक आणि मग पुढं काहीच नाही. कोरं. त्याच सुमारास तू ओट्याशी पडलीस, कपाळाला टाके पडले, हे आईनं मला फोनवर सांगितलं होतं. मी कोऱ्या जागेला ती बातमी जोडली आणि माझी गोष्ट तयार झाली.

आणि तिसरी. ती गोष्ट मला आवडायची. सूत्रं शिकवताना मुलं चुळबुळतात, खिडकीबाहेर बघतात. ही गोष्ट सुरू झाली की खोली गप्प व्हायची. एखादी मुलगी डोळे पुसायची. तास संपल्यावर कुणीतरी येऊन म्हणायचं, ‘मॅडम, हे कधीच विसरणार नाही.’ मला वाटायचं, मी किती चांगली शिक्षिका आहे. ऑनलाइन जाताना मला भीती होती, की समोर कुणी नसताना माझं शिकवणं म्हणजे वाळलेलं लाकूड होणार. जीव आणायला माझ्याजवळ एकच गोष्ट होती, आणि ती तुझी होती. म्हणून कॅमेरेवाल्याला राहू दे म्हटलं. त्या भागाखाली लोकांनी लिहिलेली कौतुकं मी रोज सकाळी चहा घेताना वाचायचे. तो भाग काढल्यावर पहिली हळहळ मला त्या कौतुकांची वाटली, तुझी नाही. हे लिहिलं नसतं तरी चाललं असतं. पण लिहिते.

माफी मागत नाही. मागितली की तुला ती द्यायची की नाही हे काम लागतं. तुझ्यापाशी सध्या पुष्कळ कामं आहेत.

ताई


२६ जुलै

बारके,

परवा तू येऊन गेलीस, समोर होतीस, तरीही लिहिते आहे, कारण तेव्हा माझ्या तोंडून एक धड वाक्य निघालं नाही.

शिपाई येऊन म्हणाला, तुमच्या बहीण आल्यात. मला वाटलं त्याचा काही गोंधळ झालाय. बाहेर आले तर तू जिन्यापाशी उभी, खांद्याला पिशवी, केस घाईत बांधलेले. तू ‘कशी आहेस’ विचारलं नाहीस. म्हणालीस, ‘सगळ्यांनी बघितलंय. मी सोडून. दाखव.’

कॅमेरेवाल्याकडे मूळ चित्रण होतं. त्यानं आपल्या दोघींकडे पाहिलं, ते लावून दिलं आणि दार लोटून बाहेर गेला. काळ्या पडद्यांच्या त्या खोलीत तू खुर्चीच्या टोकावर बसलीस. मी भिंतीला टेकून उभी. पडद्यावर मी बोलत होते. किती गोड बोलत होते मी. योग्य जागी आवाज खाली आणत होते, ‘ती बिचारी’ म्हणताना क्षणभर थांबत होते. स्वतःचा एवढा तिटकारा मला कधी आला नव्हता.

‘मग तिनं भीतीपोटी गोळ्या सोडल्या’, हे वाक्य आलं आणि तू हात वर केलास, वर्गात मुलं करतात तसा. मी थांबवलं.

‘कुणी सांगितलं तुला, मी गोळ्या सोडल्या?’ तू विचारलंस.

मी म्हटलं, नोंदीत पुढच्या भेटी नव्हत्या.

‘नव्हत्या, कारण मी तिकडे जाणंच बंद केलं. दोन बस बदलून कोण जाणार? घराजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे जायला लागले. अजून जाते.’

‘पण मग ओट्याशी...’

‘मला मूल हवं होतं. आधीच्या गोळ्या बाळाला बऱ्या नाहीत म्हणून बाईंनी त्या हळूहळू कमी करून दुसऱ्या सुरू केल्या. असं करताना एखादा झटका येऊ शकतो, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. आला. एकदाच. नवरा शेजारीच उभा होता.’ मग तू माझ्याकडे वळून बघितलंस. ‘एक गोळी चुकवलेली नाही मी, ताई. तापात नाही, बाळंतपणात नाही. आणि त्या बायका पोरं का घेऊन गेल्या, माहीत आहे? फिट येते म्हणून नाही. जी स्वतःचं औषध फेकून देते, ती आमच्या पोरांना काय सांभाळणार, म्हणून.’

मी खाली बसले.

‘मला विचारायचंस ना. दिवाणावर एका पांघरुणात झोपायचो आपण. एक फोन करून विचारायचंस.’

तुझा आवाज चढला नाही. मी म्हटलं, तो भाग मी काढून टाकलाय. तू म्हणालीस, ‘काढलास म्हणजे मी तशीच राहिले सगळ्यांच्या डोक्यात. आता परत लाव. म्हणजे ते नको. तू इथंच बस, याच खुर्चीवर, आणि सांग की ते खोटं होतं. आणि बोलण्याआधी काय बोलणार ते मला वाच.’

पिशवी उचलून तू निघालीस. मी पोचवायला आले तर ‘नको’ म्हणालीस.

ताई


१८ ऑगस्ट

बारके,

विभागप्रमुखांशी झालेलं बोलणं तुला सांगायचं राहिलं. त्यांना वाटत होतं, दुरुस्तीची एक बारीक सूचना खाली टाकली की पुरे. अध्यापकानं कॅमेऱ्यासमोर बसून आपली चूक उगाळली तर बाहेर काय दिसेल? मी म्हटलं, खरं दिसेल. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. शेवटी म्हणाले, थोडक्यात आटपा.

थोडक्यात तूच केलंस. मी दोन पानं लिहून तुला फोनवर वाचून दाखवली. तू मध्ये मध्ये नुसतं ‘काढ’ म्हणत गेलीस. ‘धाडसी’ काढ. ‘माझ्या लाडक्या’ काढ. माझ्या पश्चात्तापाचा परिच्छेद आला तेव्हा म्हणालीस, ‘हे तुझं तुझ्याजवळ ठेव, त्यांना कशाला?’ राहिलं ते एवढंच. मी सांगितलेल्या बाईनं उपचार सोडले नव्हते, दवाखाना बदलला होता. तिनं नवऱ्यापासून काही लपवलं नव्हतं. मला उघडायचा अधिकार नसलेली तिची नोंद मी उघडली, तिला न विचारता कोऱ्या जागेत माझ्या मनचं भरलं, आणि ते तुम्हाला ज्ञान म्हणून शिकवलं. नोंद उघडल्याचं मी आता संस्थेलाही लेखी कळवलं आहे. त्याची चौकशी होईल. काय व्हायचं ते होवो.

चित्रणाच्या वेळी रडू यायला लागलं, तेव्हा तुझी आठवण काढून मी थांबले, पाणी प्यायले आणि कोरड्या आवाजात पुन्हा सांगितलं. रडले असते तर पुन्हा तीच गोष्ट झाली असती, सगळ्यांनी माझ्याकडे बघायची.

या वेळी खाली कौतुक नाही. एका मुलीनं रागानं लिहिलंय की आता तुमच्या बाकीच्या उदाहरणांवर तरी विश्वास कसा ठेवायचा. तिला उत्तर काय द्यायचं, मला अजून सुचलेलं नाही.

त्या आयांना तू स्वतः बोलावलंस, डॉक्टरीणबाईंनाही बसवलंस, हे मला तुझ्या भाचीनं कळवलं. तिनं तुला विचारून कळवलं, असं मुद्दाम लिहिलंय. काही पोरं परत आली. काही नाही आली आणि येणारही नाहीत. शेजारच्या पाळणाघरात रुळलीत. हाताशी आणखी एक मोठं माणूस असावं अशी परत आलेल्यांची अट आहे. तू ती कबूल केलीस. तुला कशी बोचली असेल, कळतं. म्हणजे, कळतं असं वाटतं.

एरवी हाताशी असणाऱ्या सासूबाईंचे गुडघे धरलेत म्हणून शनिवारपुरतं तू मला बोलावलंस. आनंद होऊ नये असं स्वतःला बजावत आले, तरी झालाच. तुझ्या त्या खोलीत मी इतक्या वर्षांत दिवसभर कधी थांबले नव्हते. खिडकीला खालून जाळी, भिंतीला पोरांच्या उंचीएवढा तेलकट हातांचा पट्टा, कोपऱ्यात उशांचा डोंगर. जुळ्यांपैकी एकीनं मला बोट लावून विचारलं, ही कोण? तू म्हणालीस, ‘ही माझी ताई. हिला काही येत नाही. शिकवा.’ मग तिनं मला झबल्याचे बंद बांधायला शिकवलं. मी बांधले ते दर वेळी सुटले, आणि ती दर वेळी न कंटाळता ‘पुन्हा’ म्हणाली. तू पाठमोरी होतीस. तू हसलीस की काय, मला दिसलं नाही.

दुपारी पोरं झोपल्यावर आपण दोघी कप विसळत होतो. मला बोलायचं होतं. तू बोटानं झोपलेली पोरं दाखवलीस आणि नळ बारीक केलास.

संध्याकाळी शेवटचं पोर गेलं, मी चपला घातल्या आणि विचारलं, पुढच्या शनिवारी येऊ का? तू चादरीच्या घड्या घालत होतीस. मान वर न करता म्हणालीस, ‘बघू. जाताना दार ओढून घे.’

मी दार ओढून घेतलं आणि जिना उतरले. ‘बघू’चा अर्थ काय ते मी मनाशी लावलेला नाही. तूच सांगशील तेव्हा कळेल.

ताई